रस्त्यापलीकडची फी

जोलीन टेस्मरने नवऱ्यापुढे अंड्यांची बशी ठेवली आणि त्याच दमात सांगून टाकलं, "मला कॉलेजात सीट मिळाली. एक्स-रेच्या कोर्सला. शुक्रवारपर्यंत हो म्हणायचंय."

डेलमर अंड्यांवर मिरपूड भुरभुरत होता. त्याचा हात तिथेच थांबला.

"अरे वा!" तो म्हणाला. आणि लगेच, "किती?"

"काय किती?"

"फी गं."

जोलीन सेहेचाळीस वर्षांची. दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलायची नोकरी. रोज लोकांच्या दाढांचे फोटो बघून बघून तिच्या मनाने घेतलं होतं, की हे फोटो आता आपणच काढायचे. आणि नुसत्या दाढेवर थांबायचं नाही, थेट मांडीच्या हाडापर्यंत जायचं. याआधी दोनदा तिने हा विषय काढला होता. दोन्ही वेळा डेलमर म्हणाला होता, "जरा बघून सांगतो." आणि तो बघत बसला तोवर प्रवेश बंद झाले.

आता डेलमर काही वाईट माणूस नव्हे. अख्ख्या गावाचे हीटर तोच दुरुस्त करतो, आणि थंडीच्या दिवसांत एखाद्या म्हातारीकडे फुकटही करून येतो. त्याला खोड एकच. दुकानात असलेली वस्तू दुसऱ्या दुकानात कितीला आहे, हे कळल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. पेट्रोल दोन सेंटांनी स्वस्त मिळावं म्हणून तो शेजारच्या गावी जातो, आणि जाता-येता तेवढंच पेट्रोल जाळून खुशीत घरी येतो. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा त्याने इतके महिने भाव ताडून पाहिले, की त्या हिवाळ्यात टेस्मरांचं दूध गॅरेजमध्ये राहत होतं. हनिमूनला दोघं तळ्याकाठच्या हॉटेलात गेली ती नोव्हेंबरअखेर, कारण तेव्हा खोली निम्म्या भावात. तळं गोठलेलं होतं. नाव फुकट होती, पण ती बर्फात रुतलेली.

"या वेळी तू बघून सांगणार नाहीस," जोलीन म्हणाली. "या वेळी तू अंडी खाणारेस आणि सही करणारेस."

"दोन दिवस दे. शुक्रवार लांब आहे."

"डेलमर!"

"दोनच दिवस! आपल्या राज्यात चाळीसेक कॉलेजं आहेत बाई असली. उगाच पहिल्याच दारात शिरायचं का?"

दोन दिवस तो कंप्युटरपुढून उठला नाही. इलिनॉयमध्ये या कॉलेजांचं गणित असं, की प्रत्येकाची आपली हद्द. हद्दीतल्या लोकांनी घरपट्टीतून कॉलेजला पैसे दिलेले असतात, म्हणून त्यांना फी कमी. हद्दीबाहेरून कुणी आला, की त्याला दुप्पट, कधी त्याहून जास्त. टेस्मरांचं घर टिंबर क्रीक कॉलेजच्या हद्दीत, आणि टिंबर क्रीक आजूबाजूच्या सगळ्यांत महाग निघालं. शेजारचं सिल्व्हर प्रेअरी कॉलेज मात्र निम्म्या फीत तोच कोर्स शिकवत होतं. वर्षाला अडीच हजार डॉलरांचा फरक. डेलमरला घाम फुटला.

"पण ती फी त्यांच्या हद्दीतल्यांना," जोलीन म्हणाली. "सीट मला तिथेही मिळालीय. तुला ओळखते, म्हणून दोन्हीकडे अर्ज केला होता. पण आपण तिकडे बाहेरचे. बाहेरच्यांची फी इथल्यापेक्षाही जास्त."

"बरोबर."

"मग संपलं."

"संपलं कसं? खिडकीतून बघ."

जोलीनने बघितलं. अंगण, पत्रपेटी, डांबरी रस्ता, रस्त्यापलीकडे तिच्या आईचं पांढरं घर. आईच्या, म्हणजे ओपलच्या, घराच्या पायरीवर सिमेंटचं बदक होतं. इकडच्या म्हाताऱ्या अशा बदकांना सणावाराप्रमाणे कपडे घालतात. ओपलच्या बदकाला त्या आठवड्यात पोहायचा पोशाख होता.

"आईचं घर आहे. मग?"

"सिल्व्हर प्रेअरीच्या हद्दीत आहे!" डेलमरचा आवाज कापत होता. "हद्द या रस्त्याच्या मधल्या पिवळ्या रेघेवरून जाते, जोलीन! सत्र सुरू व्हायच्या आधी महिनाभर तू तिकडे राहायला गेलीस, की तू त्यांची!"

बावीस वर्षांच्या संसारात डेलमरने सासूच्या घराकडे एवढ्या प्रेमाने कधी पाहिलं नव्हतं.

जोलीन खिडकीपासून वळली. "शुक्रवारी मी इथली सीट सोडायची आणि तिकडे घोळ झाला, तर दोन्ही सीटा जातील. कळतंय ना? मग मी सत्तेचाळीसची. त्यांच्याकडे रांगेत विशीतल्या पोरी उभ्या आहेत."

"घोळ होईलच कसा?"

"हे तू फ्रिजच्या वेळीही म्हणाला होतास."

पण अडीच हजार म्हणजे अडीच हजार. शुक्रवारी तिने टिंबर क्रीकला नाही कळवलं.

शनिवारी सकाळी डेलमरने गवत कापायच्या ट्रॅक्टरला मागे छोटी गाडी जोडली, तीत जोलीनची बॅग, दिवा, गादी आणि शिवणयंत्र टाकलं आणि भर उन्हात रस्ता ओलांडायला निघाला. मागून जोलीन उशी पोटाशी धरून चालत होती. नेमका तेव्हाच वेंडल हाफरचा पिकअप आला. वेंडल म्हणजे ओपलचा मागचा शेजारी आणि डेलमरचा, लाकडी पिना पाडायच्या बोलिंगच्या टीममधला गडी. त्याने रीतीप्रमाणे स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली, मग ती उशी पाहिली आणि ब्रेक दाबला.

"कुठे निघाली रे जोलीन?"

"आईकडे. राहायला."

"किती दिवस?"

डेलमरचं सगळं लक्ष घसरणाऱ्या गादीवर. "दोन वर्षं तरी," तो म्हणाला.

वेंडलने टोपी काढली. छातीशी धरली. गाडी हळू हळू पुढे नेली.

त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी फोनची साखळी आहे. कुणावर संकट आलं की एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, म्हणजे सगळे मिळून प्रार्थना करतात. सोय अशी, की देवाला कळायच्या आत गावाला कळतं. रविवारी दुपारी डेलमरच्या दारात पहिलं भांडं आलं. काचेचं, चौकोनी, वर चंदेरी कागद, आत ट्यूना मासा आणि नूडल्स भाजलेल्या, वर बटाट्याच्या वेफर्सचा चुरा. भांड्याच्या बुडाला पट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. खायचं, धुवायचं आणि भांडं परत नेऊन द्यायचं, ही इथली पद्धत. घरात मरण झालं, आग लागली किंवा बायको माहेरी गेली, की भांडी येतात.

"अहो, तसं काही झालेलं नाही," डेलमर म्हणाला.

"सुरुवातीला तसंच वाटतं, बाळा," भांडं आणणारी म्हणाली, आणि त्याच्या गालावर थोपटून गेली.

सोमवारी जोलीन सिल्व्हर प्रेअरीत पत्त्याचे कागद द्यायला गेली. खिडकीपलीकडे ट्रूडी पोलमन. ट्रूडी म्हणजे चर्चमध्ये टेस्मरांच्या पुढच्या बाकावर बसणारी, कुठलंही गाणं असो, शेवटची ओळ सगळ्यांच्या नंतर संपवणारी. कॉलेजात कोण हद्दीतला आणि कोण बाहेरचा हे ठरवायचं काम तिचं, आणि त्या कामात ती सख्ख्या भावाला सोडणारी नव्हे.

"लोक काय काय करतात गं जोलीन," चष्मा पुसत ट्रूडी म्हणाली. "मागे एकाने शेतातल्या ट्रेलरचा पत्ता दिला. मी स्वतः जाऊन दार उघडलं. आत बकऱ्या! फी वाचवायला घर बदललं तर आपल्याकडे चालत नाही. असं सापडलं की फाइल बाद, सीट रांगेतल्या पुढच्या पोरीला. घर बदलायला दुसरं खरं कारण लागतं."

हा नियम डेलमरने वाचला नव्हता. त्याने फीचा तक्ता वाचला होता. जोलीन खिडकीशी वाकली. "ट्रूडी, त्याचं असं आहे—"

ट्रूडीने खिडकीतून हात घालून तिचा हात धरला. "एक अक्षर बोलू नकोस. मला सगळं ठाऊक आहे. साखळीत तुझा निरोप मीच पुढे सरकवला. बावीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली?" आणि तिने धाडकन शिक्का मारला. "निदान फीचा तरी त्रास नको तुला, पोरी."

जोलीनने बाहेर येऊन गाडीत बसूनच फोन लावला.

"डेलमर, आपण वेगळे झालोय."

"काय?"

"कॉलेजच्या हिशेबाने. ट्रूडीला वाटतंय मी तुला सोडलं. तेच माझं कारण. आता खरं सांगितलं तर सीट गेली."

"आणि फी?"

"निम्मी."

"मग अडलंय कुठे?" डेलमर म्हणाला.

अडलं त्याच संध्याकाळी. ट्रूडी स्वतः भांडं घेऊन आली. डेलमर बनियनवर बसून बेसबॉल बघत होता, हातात बियर, त्याच्या टीमने नुकताच चेंडू मैदानाबाहेर मारलेला, आणि तो सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. दारात ट्रूडी दिसली तसा तो ओरडता ओरडताच खाली बसला आणि ओरडण्याचा हुंदका केला.

"मोकळा हो, मोकळा हो," ट्रूडी म्हणाली. "झोप लागते का?"

"डोळ्याला डोळा नाही."

"जेवतोस का?"

"घास उतरत नाही."

"पोट सुटलंय तुझं."

"दुःखाने," डेलमर म्हणाला.

पहिला आठवडा खरं सांगायचं तर मजेत गेला. फ्रिजमध्ये नऊ भांडी. डेलमर रोज प्रत्येकातला एकेक डाव वाढून घ्यायचा आणि कुणाचं चीज जास्त, कुणाची कोंबडी कमी, याचा निवाडा करायचा. त्याच्यासारख्या माणसाला याहून मोठं सुख नव्हतं. सगळीकडचा माल समोर, आणि भाव शून्य. पण दुसऱ्या आठवड्यात तो निवाडा ऐकायला समोर कुणी नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. "वेंडलच्या बायकोने मीठ विसरलंय," तो एकदा मोठ्याने म्हणाला. फ्रिज तेवढा घुर्र झाला.

समोर, रस्त्यापलीकडे, जोलीनच्या खोलीत दिवा दिसायचा. जायची सोय नव्हती. चर्चमध्ये दोघं दोन टोकांना बसत, आणि कॉफीच्या वेळी गाव त्यांच्यामध्ये भिंतीसारखं उभं राही. ओपलच्या पुढच्या दारात पाय ठेवला तर अख्ख्या रस्त्याला दिसणार. मागचं दार तीन वर्षं अडकलेलं. बिजागरी बदलून देतो असं डेलमरनेच कबूल केलं होतं, पण बिजागऱ्या अजून सेलवर आल्या नव्हत्या.

उरली खिडकी. ऑगस्टमधला मका माणसापेक्षा उंच असतो. डेलमर दिवेलागणीला लांब वळसा घेऊन मक्यात शिरायचा, ओपलच्या परसात निघायचा, बादली पालथी घालायचा आणि जोलीनच्या खिडकीतून आत.

"केसांत कणसाचे धागे आहेत तुझ्या," जोलीन हसायची. सत्र सुरू झालं होतं. तिच्या पलंगावर हाडांच्या चित्रांची पुस्तकं पसरलेली असत. "ये, आलायस तर उभा राहा नीट. हनुवटी वर. खांदा पुढे. श्वास धर. हलू नकोस."

"किती वेळ धरू?"

"बोललास की फोटो बिघडतो."

असा तो चोरून बायकोला भेटायला जायचा आणि श्वास धरून परत यायचा. तरी खूश होता.

एका संध्याकाळी ट्रूडी पुन्हा दारात. या वेळी हातात नूडल्स नव्हत्या, चेरी-पाय होता, म्हणजे चेऱ्या भरून भाजलेली जाड गोड पोळी. गोड आलं की समजायचं, मोठं संकट आहे.

"डेलमर, बस. बसलास? तिच्याकडे कुणीतरी येतो रे."

"कुणाकडे?"

"जोलीनकडे! खिडकीतून! वेंडलने डोळ्यांनी पाहिलाय. मक्यातून निघतो मेला."

डेलमरने पोळीचा पहिलाच घास घेतला होता, तो तसाच गिळला. "चेहरा… चेहरा पाहिला?"

"नाही ना. पण वेंडल म्हणतो, तुझ्यापेक्षा चांगलाच जाडा आहे. आणि चालतो बदकासारखा."

"जाडा?" डेलमर ताडकन उठला. "वेंडल म्हणतो जाडा? स्वतः बघ म्हणावं आरशात!"

"हां, असा राग आला पाहिजे!" ट्रूडीने टेबलावर मूठ आपटली. "अजून जीव आहे तुझा तिच्यात. तू घरीच थांब. त्या भामट्याला आम्ही बघतो."

ती गेली तसा डेलमरने जोलीनला फोन लावला. लागेना. वर्ग चालू असला की ती फोन बंद ठेवायची. ओपलला लावला. ओपल टीव्हीवरचा बक्षिसांचा कार्यक्रम बघताना फोन उचलत नसे. जोलीनला सावध तर करायलाच हवं होतं. मग डेलमरने तेच केलं जे या परिस्थितीत करायला नको होतं. तो मक्यात शिरला.

जोलीन नुकतीच घरी आली होती. तिने खिडकी वर केली. डेलमर बादलीवर चढला, डोकं आत घातलं, खांदे आत घातले, आणि पोटापाशी थांबला. नऊ भांडी आणि वर ती चेरीची पोळी. पुढे जाईना, मागे येईना.

"ओढ," तो म्हणाला.

"पोट आत घे."

"आतच आहे. अर्धं आत आहे."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी त्याचे दोन्ही पाय घट्ट धरले. "धरला!" वेंडल ओरडला. "ट्रूडी, बॅटरी मार! धरला साल्याला!"

"सोड रे! मी आहे!"

"मी कोण?"

"डेलमर!"

पायांवरची पकड सैल झाली. मग वेंडलचा आवाज आला, जरा गोंधळलेला. "डेलमर? तूपण त्याला पकडायला आलास होय? मग तो कुठंय?"

"आत बघ, आत!" ट्रूडी म्हणाली आणि बादलीवर चढून डेलमरच्या पाठीवरून डोकावली. आत हाडांचं पुस्तक छातीशी धरून जोलीन उभी. आणखी कुणी नाही. ट्रूडीने एकदा जोलीनकडे पाहिलं, एकदा खिडकीत लटकलेल्या डेलमरकडे, आणि तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे तो जाडा तूच! स्वतःच्याच बायकोला चोरून… अरे देवा! मिटलं म्हणा की तुमचं! जोलीन, उचल बॅग, आत्ताच्या आत्ता घरी चल!"

"नाही!" दोघं एकदम ओरडली.

"का?"

जोलीनने पुस्तक आणखी घट्ट धरलं. घरी गेली तर ती बाहेरची. का जात नाही हे सांगितलं तर फाइल बाद. डेलमर बोलू शकत नव्हता, कारण खिडकीच्या चौकटीने त्याचा श्वास आधीच धरला होता. ट्रूडीच्या कपाळावर पहिली आठी पडत होती, बकऱ्यांच्या ट्रेलरपुढे पडली असेल तशी.

तेवढ्यात खोलीच्या दारात ओपल आली. हातात मक्याच्या लाह्यांचा वाडगा. बहात्तर वर्षांची बाई, उंची बेताची, घाई कशाचीच नाही.

"ती कुठे जाणार नाही," लाही तोंडात टाकत ओपल म्हणाली. "तोच येणारे इथे राहायला. मी अट घातलीय. पुन्हा जमवायचंय ना? मग माझ्या डोळ्यांसमोर जमवा. काय रे डेलमर?"

डेलमरने लटकल्या लटकल्या सासूकडे पाहिलं. सासू हसत होती.

"हो," तो म्हणाला. "असंच ठरलंय."

"किती शहाणी बाई!" ट्रूडीने नाक पुसलं. वेंडलने पाय सोडून टोपी काढली. आणि असा डेलमर टेस्मर, वय एक्कावन्न, स्वतःचं घर रस्त्यासमोर उभं असताना, घरजावई झाला.

ओपलने पहिल्याच सकाळी त्याच्या हातात पेचकस दिला. "बिजागरी."

"सेल लागला की—"

"तुझ्या गॅरेजात चार पडल्यात. मी पाहून आलेय."

बिजागरीनंतर नळ. नळानंतर पन्हळ. पन्हळीनंतर तळघर. तळघरातून तो वर आला की बदक. "सप्टेंबर लागला. शाळेचे कपडे घाल त्याला. बटणं पाठीमागून, डेलमर, पुढून नव्हे." सकाळी पाचला रेडिओवर पोल्का नाचाची गाणी. रात्री झोपायला सोफा, कारण पलंगावर मांडीची हाडं पसरलेली. बायको भेटायची ती ताटावर, आणि तेव्हाही ती पुस्तकातून वर बघायची ती त्याचं मनगट तपासायला.

"हे हाड तुझं जरा वाकडं दिसतंय."

"त्या सोफ्याने झालंय."

"शू," ओपल म्हणायची. "तिची परीक्षा आहे." आणि लेकीसाठी टीव्ही बंद. डेलमरला एक गोष्ट कबूल करावीच लागली: जोलीन बदलली होती. पूर्वी ती वाक्य अर्धं सोडून त्याच्याकडे बघायची. आता वाक्य पुरं करून पुढच्याला लागायची. पहिल्या चाचणीत वर्गात पहिली आली. ते त्याने वेंडलला सांगितलं, पेट्रोलपंपावर सांगितलं, आणि त्या नादात पेट्रोल महाग मिळतंय हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

ऑक्टोबर लागला, बदकाला भुताची पांढरी चादर घालायची वेळ आली, आणि डेलमरचा धीर सुटला. चादर तशीच बदकाच्या डोक्यावर टाकून तो गाडीत बसला आणि थेट सिल्व्हर प्रेअरीत ट्रूडीच्या खिडकीपुढे उभा राहिला.

"जोलीन घरी परत येतेय," तो म्हणाला. "म्हणजे बाहेरची झाली ना? बाहेरच्यांची फी सांग. फरक भरतो."

ट्रूडीने चष्मा काढला. "डेलमर. बाहेरची फी टिंबर क्रीकपेक्षाही जास्त आहे, माहितीये ना? या सगळ्यातली सगळ्यात महाग."

"माहितीये. चाळीस कॉलेजांची पाठ आहे मला."

"आणि तू स्वतःहून भरतोयस."

"लवकर घे गं बाई, हात कापतोय माझा."

ट्रूडीने पैसे घेतले, पावती दिली आणि खिडकीतून निम्मी बाहेर येऊन त्याच्या गालाचा मुका घेतला. मागे रांगेतली पोरं टाळ्या वाजवू लागली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण वाजवल्या.

डेलमर फुशारत परतला. पावती जोलीनच्या हाडांवर ठेवली. "चल. घरी."

जोलीनने आकडा वाचला. पुन्हा वाचला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की बावीस वर्षांत, अगदी त्या गोठलेल्या तळ्याकाठीसुद्धा, तसं पाहिलं नव्हतं. "तू भरलेस? एवढे?"

"त्यात काय. चल."

जोलीन खुर्चीत मागे टेकली. "डेलमर, मी घरांची तुलना केलीय."

"कसली तुलना?"

"दोन्ही घरांची. आईकडे जेवण हातात मिळतं. मी वाचायला बसले की टीव्ही बंद होतो. तिकडे हीटर बिघडलेल्यांचे फोन वाजणार, आणि तू दर दहा मिनिटांनी येऊन सांगणार, अमुक दुकानात साबण कितीला आहे. डिसेंबरात माझी परीक्षा आहे. मी पास झालेच पाहिजे. तोवर हेच घर परवडतं मला."

"पण मी पैसे भरलेत! बाहेरची म्हणून! आणि तू राहणार हद्दीत?"

"मग ट्रूडीला जाऊन सांग, मी अजून इथेच आहे."

डेलमरने ट्रूडीचा तो मुका आठवला, त्या टाळ्या आठवल्या. गेलेले पैसे परत मागायला त्या खिडकीपुढे उभं राहणं त्याच्या बापाच्यानेही झालं नसतं.

"मग घरी कधी येशील?"

"जरा बघून सांगते," जोलीन म्हणाली, आणि पान उलटलं.

सोफ्यावर आणखी एक रात्र काढायची त्याची तयारी नव्हती. डेलमरने उशी उचलली आणि एकटाच रस्ता ओलांडला. वेंडलचा पिकअप आलाच. दोन बोटं वर झाली. ब्रेक.

"पुन्हा?"

"पुन्हा," डेलमर म्हणाला.

या वेळी वेंडलने टोपी काढली नाही. गावानेही भांडी पाठवली नाहीत. एका माणसाला एका बायकोबद्दल एकदाच भांडी मिळतात. उलट मागच्या वेळची नऊ भांडी कधी परत देतोस, असं विचारायला दोघीजणी येऊन गेल्या. डेलमरने ती धुतली, नावं वाचून घरोघर पोचवली. घर अगदी रिकामं झालं. तो संध्याकाळी पावाला लोणी लावून खात होता आणि लोणी कितीला आणलं हे त्याला आठवत नव्हतं.

दारावरची घंटा वाजली. बाहेर अजून उजेड होता. दारात जोलीन, हातात चंदेरी कागदाने झाकलेलं काचेचं भांडं. ती भर रस्त्यातून, सगळ्यांच्या देखत आली होती. समोर पायरीवर ओपल बदकाची चादर सारखी करत होती आणि अजिबात इकडे बघत नव्हती.

"बायको सोडून गेली की लोक आणतात ना," जोलीन म्हणाली. "म्हटलं आपणही न्यावं."

डेलमरने भांडं घेतलं. गरम होतं. त्याने सवयीने हात उंच करून बूड पाहिलं. पांढरी पट्टी, वर तिच्या अक्षरात तिचं नाव. आडनाव टेस्मरच.

"भांडं धुऊन परत आणायचं असतं," ती म्हणाली. "माहितीये ना?"

"कधी आणू?"

"तुझं तू बघ. पुढच्या दाराने ये. खिडकीत मावत नाहीस तू."

आणि ती वळून चालू लागली.

डेलमर आत धावला. पहिलं मिळालं त्या पातेल्यात आतलं सगळं ओतलं, भांडं नळाखाली धरलं, हात भाजला, शर्टाला पुसलं आणि तसाच पळत सुटला. जोलीनला त्याने रस्त्याच्या मधोमध गाठलं. ओलं भांडं पुढे केलं. ती हसायला लागली, आणि भांडं घ्यायचं सोडून तिने त्याचा हातच धरला. वेंडलचा पिकअप येऊन थांबला, त्याने हॉर्न वाजवला नाही. दोघं त्या पिवळ्या रेघेवर अशी काही उभी होती, की कोण कुठल्या हद्दीत आहे हे खुद्द ट्रूडी पोलमनलाही सांगता आलं नसतं.